माळ्यावर ३० वर्षं पडलेला व्हिडीओ गेम चालू झाला, कपाटातला मेलाय. असं का?

माळ्यावरचा मारिओ | शनिवार, रात्री ११.१०

दिवाळीच्या आवराआवरीला साताऱ्याला गेलो होतो. आईने माळ्यावरून एक खोकं खाली दिलं आणि जाहीर केलं, "हे तुझं. ठेवायचं की भंगारवाल्याला द्यायचं ते आत्ताच्या आत्ता सांग." आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला माझा व्हिडीओ गेम. १९९४ किंवा ९५ साली वार्षिक परीक्षा संपल्यावर बाबांनी आणला होता. तेव्हा घरोघरी असायचा तोच प्रकार. रूपडं निन्टेन्डो कंपनीच्या जपानी फॅमिकॉम मशीनचं, नाव भलतंच, आणि सोबत एक पिवळी कॅसेट. तिच्यावर '९९९९ इन १' छापलेलं, आत वेगळे गेम मोजून सात-आठ. बाकी सगळे तेच, कुठे जास्त जीव देऊन, कुठे मधल्याच लेव्हलपासून सुरू करून.

अडॅप्टर उंदरांनी खाल्लेला. गेमच्या पोटावरच्या स्टिकरवर ९ व्होल्ट आणि मधल्या पिनेला मायनस असं चित्र होतं, म्हणून जुन्या राऊटरच्या ९ व्होल्टच्या अडॅप्टरची वायर कापली, उलटी करून जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली. पिवळी-पांढरी पिन टीव्हीला लावली, बटण सरकवलं. आधी नुसता करडा पडदा. कॅसेट काढली, सवयीने फुंकर मारली, परत दाबली, आणि ते संगीत! स्वयंपाकघरातून आईचा आवाज: "बंद कर ते, अभ्यास नाही का?" मी ४१ वर्षांचा आहे.

आता दुखणं सांगतो. पुण्याच्या घरी २०१४ साली घेतलेला कन्सोल आहे. तेव्हा जवळजवळ एक अख्खा पगार गेला होता. गेल्या पावसाळ्यात एका रात्री नीट बंद केला, दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर काहीच नाही. ना दिवा, ना पंखा, ना टुक. एका दुकानात नेला, तर त्यांनी एकही स्क्रू न काढता सांगून टाकलं, "मदरबोर्ड गेलाय, नवीन घ्या." तेव्हापासून कपाटात पडलाय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धाग्याचं कुरुक्षेत्र होईल.

तर जाणकारांनो, ते तकलादू प्लास्टिक तीस वर्षं उंदरांच्या शेजारात जगलं आणि ही महागडी वस्तू दहा वर्षांतच गेली, हे कसं? कन्सोलने किती वर्षं टिकावं अशी अपेक्षा धरायची?


गुपचूप वाचक | शनिवार, रात्री ११.२४

फोटो कुठायत? (खुर्ची टाकून बसलोय.)


सोल्डरगन | रविवार, सकाळी ८.३५

पोलॅरिटी (प्लस-मायनस) बघून वायर उलटी जोडलीत त्याबद्दल आधी तुमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. निम्मे लोक तिथेच मशीन मारतात. (बुधवार पेठेत २२ वर्षं दुरुस्ती करतोय, त्यामुळे मेलेल्या वस्तूंशीच जास्त घरोबा.)

चिप म्हातारी होऊन मरते असं क्वचित होतं. मरतं ते तिच्या आजूबाजूचं. जे घासतं, जे फिरतं, जे तापतं आणि निवतं, आणि ज्याच्या पोटात काहीतरी ओलं भरलेलं असतं. तुमच्या माळ्यावरच्या मशीनमध्ये यातलं आहे काय? पंखा नाही, लेन्स नाही, हार्ड डिस्क नाही. मूळ फॅमिकॉमचा अडॅप्टर १० व्होल्ट, ८५० मिलिअँपिअरचा. म्हणजे सगळं धरून साडेआठ वॉट, रात्रीच्या दिव्याहून थोडं जास्त. तुमच्याकडची नक्कल तर आणखी साधी. झाकण उघडलंत तर एका काळ्या डांबरी ठिपक्याखाली अख्खं मशीन दिसेल, शेजारी ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर, चार कपॅसिटर (वीज साठवणाऱ्या डब्या), संपलं. तो काळा ठिपका गेला तर मात्र ब्रह्मदेवही दुरुस्त करू शकत नाही. हल्लीचे मोठे कन्सोल गेम चालू असताना दीडशे-दोनशे वॉट ओढतात. ती सगळी उष्णता एवढ्याशा डब्यातून बाहेर काढायची, म्हणून पंखा आला, पंख्याबरोबर धूळ आली आणि धुळीबरोबर आमचा धंदा.

पोटात ओलं असणाऱ्या कपॅसिटरचं गणित घ्या. त्याच्या अंगावर १०५ अंश लिहिलेलं असतं. साधा माल असेल तर त्या तापमानाला २,००० तासांची हमी. तापमान १० अंश उतरलं की आयुष्य दुप्पट, हा धंद्यातला ठोकताळा. ६५ अंशांवर चालला तर चारदा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास. रोज दोन तास खेळलात तर ४० वर्षांच्या वर. तोच कपॅसिटर चोंदलेल्या डब्यात ८५ अंशांवर उकडत ठेवा, ८,००० तास. रोज दोन तासांनी साधारण ११ वर्षं. तुमचा कन्सोल किती वर्षांचा म्हणालात?

पण 'ना दिवा, ना टुक' हे मला मदरबोर्डचं लक्षण वाटत नाही. मदरबोर्ड जाताना बहुतेक वेळा काहीतरी नखरे करून जातो. आधी पॉवर सप्लाय बघा. त्या दुकानात परत जाऊ नका.


शंकासुर | रविवार, सकाळी ९.५०

स्मरणरंजनात पाणी ओततो, माफ करा. १९९५ साली तुमच्या आळीत असे गेम किती होते? वीस धरू. त्यातला तुमचा आज चालला. बाकीचे एकोणीस केव्हाच भंगारात गेले, त्यांच्यावर कोणी धागा काढत नाही. जे उरलं तेवढंच दिसतं आणि मग आपण म्हणतो, जुनं ते सोनं.

शिवाय उरलेल्यातही मूळचं किती? अडॅप्टर तर गेलाच आहे. जॉयस्टिक किती बदलल्यात ते देवाशपथ सांगा. आमच्याकडे वायर मानेपाशी तुटायची, बटणाखालचं काळं रबर झिजायचं. मग त्याला पेन्सिलीचं शिसं घासायचो, की दोन दिवस परत उडी मारायचा.


माळ्यावरचा मारिओ | रविवार, सकाळी १०.०५

तीन. (जॉयस्टिक.) शिसं आमच्याकडेही घासलं जायचं, एचबी नको, ६बी हवी, असं एक शास्त्र होतं.

खोक्यात पडद्यावरची बदकं टिपायची बंदूकही निघाली. ती मात्र गेलीय बहुतेक, नव्या टीव्हीवर एकही बदक पडेना. नेम चुकला की हसणारा गेममधला कुत्रा तसाच हसतोय.


सोल्डरगन | रविवार, सकाळी १०.२०

बंदुकीला काही झालेलं नाही. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. तो चौकोन बंदुकीला ठरलेल्या वेळात दिसला तर बदक पडतं. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर चित्र त्याच क्षणी उमटायचं. एलसीडी टीव्ही आधी चित्रावर संस्कार करत बसतो, तोवर बंदुकीची वेळ टळून गेलेली असते. जुना डबा टीव्ही कुणाकडे असेल तर लावून बघा, पटापट पडतील.

शंकासुरांचा मुद्दा बरोबर आहे. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या मशीनांतली निम्मी खरं तर कनेक्शनची रोगी असतात, आतून ठणठणीत.


फुकट सल्लागार | रविवार, सकाळी ११.१५

फुंकर मारली म्हणून चालला. हे आमच्या वाड्यात प्रयोगाने सिद्ध झालेलं आहे. लांब फुंकर, डावीकडून उजवीकडे.


कॅसेटकाका | रविवार, दुपारी १.४०

सल्लागार, त्या प्रयोगात तुम्ही कॅसेट न फुंकता नुसती काढून परत घालून बघितली होती का? काम त्याने होतं. पिना पुन्हा घासल्या जातात, नव्या जागी टेकतात. फुंकरीतून जाते ती थुंकी, आणि थुंकीने तांब्याला गंज चढतो. म्हणजे आज चालावा म्हणून आपण त्याचं उद्याचं आयुष्य खात होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान साफ करायची काडी घ्या, पिना पुसा. काडी काळी होईल, तीच खरी गंमत.

याच्यामागे एक मजेदार गोष्ट आहे. जपानी फॅमिकॉम आला १५ जुलै १९८३ ला, कॅसेट वरून उभी खोचायची, ६० पिना. १९८५ साली अमेरिकेत नेताना निन्टेन्डोने त्याला व्हीसीआरचं रूप दिलं, कारण तिथे व्हिडीओ गेमचा बाजार नुकताच कोसळला होता आणि दुकानदारांना 'व्हिडीओ गेम' नावाचीच ॲलर्जी झाली होती. मग कॅसेट पुढून आत सरकवायची आणि खाली दाबायची. ७२ पिनांची ती स्प्रिंग वापरून वापरून ढिली पडे. त्यात भर म्हणून नकली कॅसेट रोखणारी कुलपाची चिप, १०एनईएस. मशीनमधली चिप आणि कॅसेटमधली चिप यांचं बोलणं जुळलं नाही की मशीन सेकंदाला एकदा रीसेट होई, लाल दिवा उघडझाप करत बसे. कॅसेट असली, मशीन धडधाकट, फक्त एक पीन नीट टेकली नाही म्हणून हा तमाशा. दुरुस्ती करणारे त्या चिपचा चौथा पाय सरळ कापून टाकतात.

मूळ फॅमिकॉममध्ये ते कुलूप नव्हतं आणि आपल्याकडच्या नकलांनी तर ते बसवायचं काही कारणच नव्हतं. मारिओराव, तुमचं मशीन टिकण्यात त्या न बसवलेल्या कुलपाचाही वाटा आहे.


न्यूजर्सीकर | रविवार, रात्री ८.५५

टिकाऊपणाचा धागा आणि तीन लाल दिव्यांचं नाव अजून कोणी काढलं नाही? एक्सबॉक्स ३६० आला नोव्हेंबर २००५ मध्ये. पुढच्या दीड-दोन वर्षांत इतकी मशीनं तीन लाल दिवे दाखवून बंद पडली आणि परत आली की जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडापुरती वॉरंटी ३ वर्षं केली आणि त्यापायी १ अब्ज डॉलरहून जास्त खर्च पडेल असं स्वतःच जाहीर केलं. इथले लोक तेव्हा मशीन पंचात गुंडाळून चालू ठेवायचे. उकडून उकडून चिप जागेवर बसते म्हणे. चालायचंही, दोन-चार दिवस.

बरीच वर्षं सगळे म्हणायचे की चिप आणि बोर्ड यांच्यामधलं सोल्डर (झाळायचा धातू) तडकतं. २०२१ मध्ये कंपनीनेच काढलेल्या माहितीपटात त्यांच्या लोकांनी सांगितलं की तडा त्याच्याही आत, चिपच्या पॅकेजमधल्या (कवचातल्या) जोडांना जात होता. गेम चालू केला की तापायचं, बंद केला की गार व्हायचं, आणि दर वेळी ते जोड ताणले जायचे. म्हणजे सलग दहा तास खेळणाऱ्यापेक्षा दिवसातून दहादा चालू-बंद करणारा जास्त घात करत होता.

स्वतःचा पराक्रम सांगतो, यात कोणत्याच कंपनीचा दोष नाही. २००९ ला भारतात येताना भाच्यासाठी इकडचा जुना कन्सोल आणला. पॉवर सप्लाय फक्त ११० व्होल्टचा. मी पिनेचा कन्व्हर्टर लावला आणि निवांत बटण दाबलं. कन्व्हर्टर पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही, हे मी इलेक्ट्रिकल इंजिनियर असूनही विसरलो होतो. फट्ट. वास देवघरापर्यंत गेला. भाचा अजून लग्नाकार्यात सगळ्यांना सांगतो.


फुकट सल्लागार | रविवार, रात्री ९.३०

त्या लाल दिव्यांवर ओव्हनचा उपाय आहे ना? बोर्ड काढायचा, २०० अंशांवर दहा मिनिटं. यूट्यूबवर ढीगभर व्हिडीओ आहेत. मारिओ, करून बघ.


सोल्डरगन | रविवार, रात्री ९.४१

मारिओ, अजिबात करू नका. ओव्हन नानकटाईसाठी असतो.

जुलै २००६ पासून युरोपने इलेक्ट्रॉनिक्समधल्या शिशावर बंधन घातलं, त्यामुळे त्या पिढीपासून बहुतेक बोर्डांवर बिनशिशाचं सोल्डर आहे. ते २१७ अंशांच्या आसपास वितळतं. २०० वर तुम्ही काहीच वितळवत नाही, फक्त सगळं शेकता. कपॅसिटर फुगतात, कनेक्टरचं प्लास्टिक मऊ होतं, बोर्ड वाकतो, आणि त्या धुराचा ओव्हन परत स्वयंपाकघरात. शेकल्याने आतला तडकलेला जोड थोडा प्रसरण पावून टेकतो म्हणून मशीन चालू होतं. ते सलाइन लावल्यासारखं आहे. ओएलएक्सवर 'चालू स्थितीत, लगेच विकणे आहे' असं दिसलं की मला आधी तोच वास येतो.


फुकट सल्लागार | रविवार, रात्री ९.४४

सल्ला फुकट होता, घ्यायची सक्ती नव्हती.


दर्यावर्दी | सोमवार, सकाळी ७.२०

तुम्ही सगळे घाटावरची माणसं उष्णतेवर बोलताय. आमच्या दापोलीत मशीन उष्णतेने मरत नाही, हवेने मरतं. समुद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर. उघडलेला बोर्ड दोन पावसाळे तसाच ठेवला तर तांब्यावर हिरवी साय येते, पितळेच्या समईला येते तशी. एचडीएमआयच्या तोंडाला गंज, स्क्रू तर हाताने तुटतात. डिस्कच्या कव्हरमध्ये कागद असतो ना, तो ओल धरतो आणि डिस्कवर बुरशीची नक्षी उठते. ती ओल्या मऊ कापडाने मधून कडेकडे पुसावी, गोल फिरवून पुसू नये. गोल चरा लेन्सला जास्त छळतो.

आमच्याकडे जून ते सप्टेंबर नियम आहे, कोणी खेळो न खेळो, आठवड्यातून एकदा अर्धा तास मशीन चालू ठेवायचं. आतल्या आत गरम झालं की ओल बसत नाही. लोणच्याच्या बरणीसारखं डब्यात बंद करून सिलिकाच्या पुड्या घालून ठेवणारेही आहेत, पण पुड्या अधूनमधून तापवून वाळवाव्या लागतात, ते कोणी करत नाही.

आणि भोकं बघा. मागच्या जाळीतून मुंग्या, झुरळं आणि पाली आत जातात. स्टँडबायवर ठेवलेलं मशीन कोमट असतं, पावसाळ्यात त्यांना याहून बरी खोली कुठली मिळणार?


दोन मुलांची आई | सोमवार, दुपारी २.३०

मला यातलं निम्मं कळलं नाही, पण प्रश्न विचारते. आमच्याकडे कन्सोल चांगला आहे, कंट्रोलर दर वर्षी जातो. कोणी हात लावला नाही तरी खेळाडू आपोआप डावीकडे चालायला लागतो. मोठा म्हणतो धाकट्याने आपटला, धाकटा म्हणतो मोठ्याने. तिसरा कंट्रोलर घ्यायचा की दोघांना बाहेर खेळायला पाठवायचं?


सोल्डरगन | सोमवार, दुपारी ३.१०

ताई, दोघेही निर्दोष असू शकतात. कंट्रोलरवरच्या अंगठ्याने फिरवायच्या काडीच्या खाली दोन पोटेन्शिओमीटर असतात, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असायचे त्याच जातीचे. कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ घासते. घासून पट्टी झिजते, भुकटी पडते, मग मशीनला काडी मध्ये आहे हेच कळत नाही. जुना रेडिओ आवाज वाढवताना खरखरायचा, आठवतं? तोच आजार. कोणतीही एक कंपनी यातून सुटलेली नाही, २०२० मध्ये निन्टेन्डोच्या अध्यक्षांना स्विच कन्सोलच्या जॉयकॉन कंट्रोलरबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली होती.

चीड येते ती वेगळ्या गोष्टीची. सेगा कंपनीने १९९८ च्या ड्रीमकास्ट कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर बसवला होता. काही घासतच नाही, तर झिजणार काय! ते कंट्रोलर आजही नीट मधोमध उभे असतात. पंचवीसएक वर्षांपूर्वी सुटलेलं गणित, पण पोटेन्शिओमीटर स्वस्त पडतो. आता बाहेरच्या छोट्या कंपन्या हॉल सेन्सरचे कंट्रोलर विकतात, पुढच्या वेळी ते शब्द खोक्यावर आहेत का बघा. तोवर पोटेन्शिओमीटर बदलून घ्या, कंट्रोलर फेकू नका. बदलणाऱ्याचा हात सोल्डरवर बसलेला हवा, एवढंच.

(बाहेर खेळायलाही पाठवाच.)


कॅसेटकाका | सोमवार, रात्री १०.१५

धागा वाचून राहवलं नाही म्हणून जरा लांबण लावतो.

सोल्डरगन यांनी सांगितलेली बहुतेक मरणं हाताने दुरुस्त होणारी आहेत. पंखा बदला, चिप गार ठेवणारी पेस्ट लावा, कपॅसिटर बदला. सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनच्या सुरुवातीच्या मॉडेलात लेन्सची गाडी प्लास्टिकवर घसरायची आणि शेजारी पॉवर सप्लायची ऊब. ते प्लास्टिक झिजलं की लेन्स वाकडी. लोकांनी काय केलं, मशीन उलटं, पाय वर करून ठेवलं. चाललं की! मूर्खपणा वाटेल, पण उपाय मालकाच्या हातात होता. निन्टेन्डोने जपानमध्ये फॅमिकॉमचं उत्पादन २००३ पर्यंत चालू ठेवलं आणि दुरुस्तीला घेणं ऑक्टोबर २००७ मध्ये थांबवलं, कारण सुटे भाग मिळेनात. म्हणजे १९८३ च्या मशीनला कंपनीकडून २४ वर्षं दुरुस्ती.

आता दुसरं टोक. जुन्या कॅसेटमध्ये खेळ साठवायला बटण सेल असायचा, सीआर २०३२ वगैरे. तो गेला की साठवलेला खेळ जायचा, पण कॅसेट चालायची. सेल बदलला की झालं. प्लेस्टेशन ४ च्या बोर्डावरही असाच एक सेल आहे, घड्याळासाठी. २०२१ मध्ये मंडळींच्या लक्षात आलं की हा सेल मेला आणि मशीनला सोनीच्या सर्व्हरवरून वेळ जुळवून घेता आली नाही, तर विकत घेतलेली डिस्कही चालत नाही. कारण काय, तर खेळातली ट्रॉफी कधी मिळाली त्याची वेळ खरी हवी. बक्षिसाच्या तारखेपायी अख्खं मशीन अडून बसणार!

त्याच वर्षी मार्चमध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ आणि हातात धरून खेळायच्या व्हिटाची इंटरनेटवरची गेमची दुकानं बंद करायची घोषणा केली आणि एप्रिलमध्ये लोकांच्या ओरड्यामुळे मागे घेतली. निन्टेन्डोने वी यू आणि ३डीएस या मशीनांचं दुकान २७ मार्च २०२३ ला बंद केलंच. एक्सबॉक्स ३६० चं जुलै २०२४ मध्ये. आणि नोव्हेंबर २०२३ च्या सडपातळ प्लेस्टेशन ५ ला वेगळी मिळणारी डिस्क ड्राइव्ह लावली तर ती पहिल्यांदा इंटरनेटवरून मशीनशी जुळवावी लागते. आज दोन मिनिटांचं काम आहे. पण तो सर्व्हर गेल्यावर कोणी माळ्यावरून तो कन्सोल आणि बाजूला पडलेली ड्राइव्ह काढली, तर?

मारिओराव, टिकणं म्हणजे काय हे आधी ठरवा. तुमच्या पिवळ्या कॅसेटला कोणाची परवानगी लागली नाही.


शंकासुर | सोमवार, रात्री १०.४०

काका, निम्मी गोष्ट सांगितलीत. सोनीने सप्टेंबर २०२१ च्या ९.०० अपडेटमध्ये तो सेलचा घोळ दुरुस्त केला, प्लेस्टेशन ५ मधला तसाच घोळही काही आठवड्यांत निस्तरला. आणि ज्या कॅसेटला परवानगी लागत नाही म्हणता, ती चोरीची होती, तिला परवानगी कोण देणार?


कॅसेटकाका | सोमवार, रात्री १०.५२

दुसऱ्या मुद्द्यावर निरुत्तर. पहिल्यावर इतकंच, की ते दुरुस्त झालं कारण लोकांनी बोंब मारली. आणि ते अपडेट घ्यायला सर्व्हर लागतो. ज्याचं मशीन २०२० पासून कपाटात आहे त्याने आत्ताच घेऊन ठेवावं.


सलूनवाली | मंगळवार, सकाळी ११.०५

अवांतर: मारिओ, तुमचा गेम पिवळा पडला असेल तर आमच्या धंद्यातली ४० व्हॉल्यूमची डेव्हलपर क्रीम लावा, म्हणजे १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. प्लास्टिकवर लावून वर पातळ प्लास्टिक गुंडाळून उन्हात ठेवायचं, भावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर केलंय. हातमोजे घाला. दर तासाला क्रीम फिरवली नाही तर गाईसारखे ठिपके पडतात, तेही करून झालंय. आणि दोन-तीन वर्षांत थोडा पिवळेपणा परत येतो.


माळ्यावरचा मारिओ | बुधवार, रात्री ११.३०

सर्वांचे आभार, आणि निकाल.

आज कन्सोल उघडला. पॉवर सप्लाय म्हणजे एक वेगळा बंद डबा असतो हे आज कळलं. त्याचं झाकण काढलं आणि दर्यावर्दी, तुम्हाला साष्टांग दंडवत. आत पाल. म्हणजे पालीचा वाळलेला सांगाडा, शेपटीसकट, दोन सोल्डरच्या ठिपक्यांवर आडवी पडलेली. खाली बोर्ड काळा झालेला आणि शेजारची फ्यूज आतून करपलेली. पुण्यात, चौथ्या मजल्यावर! बायकोने ते बघून सगळा प्रकार बाल्कनीत न्यायला लावला, उरलेलं ऑपरेशन मोबाइलच्या उजेडात.

ऑफिसमधल्या एकाकडे त्याच मॉडेलचं मेलेलं मशीन होतं, त्याचा सप्लाय आणून लावला. दिवा लागला, पंखा फिरला. तारीख विचारली. काकांच्या सांगण्यावरून तो सेलही बदलला, दोन वायर असलेला, चिमुकल्या पिनेचा निघाला. नेट जोडून अपडेटही घेतलं. पंख्यातून जी धूळ निघाली तिच्यात एक छोटी उशी भरली असती.

म्हणजे धाग्याचं शीर्षक चुकलंच. पण शंकासुर जिंकले असं मी म्हणणार नाही.

आता पालीवाला जुना सप्लाय समोर टेबलावर उघडा आहे. फ्यूज बदलली तर तोही चालेल असं वाटतंय. सोल्डरगन, फ्यूज कितीची घेऊ?


सोल्डरगन | बुधवार, रात्री ११.३४

फ्यूजचं नंतर. आत एक जाडजूड कपॅसिटर दिसतोय का, ४०० नाहीतर ४५० व्होल्ट लिहिलेला? २३० व्होल्टवर तो सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भरतो, आणि प्लग काढला तरी लगेच रिकामा होतोच असं नाही. उद्या तो सप्लाय प्लग लावून तपासणार असालच. त्यानंतर परत हात घालण्याआधी तो डिस्चार्ज करणार आहात ना?


माळ्यावरचा मारिओ | बुधवार, रात्री ११.३६

प्लग मगाशीच लावून बघितला होता. डिस्चार्ज म्हणजे?


सोल्डरगन | बुधवार, रात्री ११.३६

दोन्ही हात खिशात घाला. टेबलापासून लांब व्हा. निरोपपेटी बघा, लिहितोय.


गुपचूप वाचक | बुधवार, रात्री ११.५८

मारिओ?


माळ्यावरचा मारिओ | गुरुवार, सकाळी ६.५०

आहे, आहे. सप्लाय खोक्यात घालून सोल्डरगन यांच्याकडे घेऊन निघालोय. आईचा फोन आला होता. माळ्यावरचा गेम भाचीने पळवलाय, नवा अडॅप्टर कुठे मिळेल विचारत होती.